'ड्रॅगन इन' की 'द वन-आर्म्ड स्वोर्ड्समन': चिनी तलवारपटांची सुरुवात कोठून करावी?

१९६७ या एकाच वर्षी दोन चित्रपट प्रदर्शित झाले आणि चिनी तलवारपटांची पुढची बरीचशी वाटचाल या दोहोंनी पाडलेल्या वाटांवरून झाली. 'ड्रॅगन इन' किंग हू यांनी तैवानमध्ये केला, तर 'द वन-आर्म्ड स्वोर्ड्समन' चांग चेह यांनी हाँगकाँगच्या शॉ ब्रदर्स या बलाढ्य स्टुडिओसाठी केला. ज्याने या प्रकारातले आजवर काहीच पाहिलेले नाही, किंवा ज्याने २००० सालचा 'क्राउचिंग टायगर, हिडन ड्रॅगन' पाहिला आणि ज्याला आता त्याच्या पूर्वजांची ओळख करून घ्यायची आहे, त्याने या दोहोंपैकी एकापासून सुरुवात करावी असे मला वाटते. दोन्हींची लांबी दोन तासांच्या आतबाहेर आहे आणि दोन्हींची भाषा मँडरिन आहे, त्यामुळे निवड सोयीगैरसोयीवर अडत नाही. ती अडते एका प्रश्नावर: नीतीने वागणारा योद्धा नेमका कोणाचा देणेकरी असतो?

'ड्रॅगन इन'ची कथा मिंग राजवटीत, १४५७ साली घडते. युद्धमंत्री यू याला राजद्रोहाच्या खोट्या आरोपाखाली ठार मारण्यात आले आहे, त्याच्या मुलांना सीमेवर हद्दपार करण्यात आले आहे आणि दरबारातील सर्वशक्तिमान खोजा (नपुंसक केलेला राजसेवक) त्साओ याने त्या मुलांना वाटेतच संपवण्यासाठी आपले गुप्तहेर पुढे धाडले आहेत. हे गुप्तहेर सीमेवरच्या एका एकाकी खानावळीत येऊन दबा धरून बसतात. खानावळीचा मालक हा त्या मृत मंत्र्याच्या हाताखालचा जुना माणूस निघतो, आणि त्याला भेटायला म्हणून श्याओ नावाचा एक तरुण हातात छत्री घेऊन, कोणतीही घाई नसल्यासारखा, चालत येतो. या श्याओचा मंत्र्याच्या कुटुंबाशी रक्ताचा संबंध नाही, त्याच्यावर कोणाचे उपकार नाहीत, आणि तो कोठून आला व पुढे कोठे जाणार याची चौकशी करण्याची गरज चित्रपटाला वाटत नाही. मित्र संकटात आहे आणि निरपराध मुलांचा जीव घेतला जात आहे, एवढे कारण त्याला पुरते. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात स्सु-मा छ्येन या इतिहासकाराने आपल्या ग्रंथात भटक्या योद्ध्यांवर स्वतंत्र प्रकरण लिहिले, आणि दिलेला शब्द पाळणारे, दुसऱ्याच्या अडचणीत स्वतःचा जीव पणाला लावणारे व केलेल्या उपकाराचा उच्चार करण्याची लाज बाळगणारे असे त्यांचे वर्णन केले. श्याओ त्या परंपरेतला शुद्ध नमुना आहे.

'द वन-आर्म्ड स्वोर्ड्समन'मधील फांग गांग हा श्याओच्या अगदी उलट आहे, कारण तो लहानपणापासूनच देण्याखाली दबलेला आहे. त्याचा बाप हा तलवारबाजीचे गुरू ची रूफेंग यांचा नोकर होता; गुरूंचे प्राण वाचवताना तो मेला आणि मरता मरता त्याने आपल्या मुलाला शिष्य करून घेण्याची विनंती केली. गुरूंनी शब्द पाळला, परंतु इतर श्रीमंत शिष्य आणि खुद्द गुरूंची कन्या त्या नोकराच्या पोराला हिणवत राहिले. कटकट नको म्हणून तो घर सोडून निघतो, तेव्हा बर्फाच्या रात्री गुरुकन्या त्याला अडवते आणि रागाच्या भरात त्याचा उजवा हात तोडते. मराठी वाचकाला येथे एकलव्य आठवल्यावाचून राहणार नाही, पण फरक महत्त्वाचा आहे: येथे गुरूंनी काही मागितलेले नाही, घडलेला प्रकार त्यांच्या इच्छेनेही झालेला नाही, आणि तरीही गुरुऋण शिल्लकच राहते. श्याओमान ही शेतकरी मुलगी फांगला वाचवते आणि त्याला तिच्याकडचे अर्धवट जळालेले तलवारविद्येचे पुस्तक मिळते, ज्यातला नेमका डाव्या हाताचा भाग शाबूत आहे.

यापुढे पटकथेने जो बेत रचला आहे त्याला दाद द्यायला हवी. गुरूंच्या शत्रूंनी एक असे हत्यार तयार केले आहे की ते समोरच्या तलवारीचे पाते चिमट्यासारखे अडकवून धरते, आणि ची घराण्याची ठरावीक पद्धतीने चालणारी तलवार त्यात हटकून सापडते. एकामागून एक शिष्य त्याच प्रकारे मारले जातात. फांगच्या हातात मात्र बापाची तुटकी तलवार आहे. ती आखूड असल्यामुळे चिमट्यात सापडत नाही, आणि डाव्या हाताची चाल शत्रूच्या हिशेबात बसत नाही. गरिबी, अपंगत्व आणि वारसा ही तीनही ओझी एकाच हत्याराच्या रूपाने कामी येतात. इतकी घट्ट बांधणी 'ड्रॅगन इन'मध्ये शोधू नये. तेथे कथा सरळ आहे आणि तिची मजा कथेत नाहीच.

ती मजा खानावळीच्या लांबलचक प्रवेशांत आहे. किंग हू पात्रांना टेबलांभोवती बसवतात, कोण कोणाकडे पाहतो आहे हे सावकाश दाखवतात आणि तलवार उपसण्याआधीच निम्मी लढाई पार पाडतात. विषारी मद्य पुढे केले जाते आणि श्याओ ते ओळखतो. मग तो शेवयांचा भरलेला वाडगा एका टेबलावरून दूरच्या टेबलाकडे असा फेकतो की तो थेंबही न सांडता जागेवर जाऊन बसतो, आणि आपण कोणाशी गाठ घातली आहे हे गुप्तहेरांना तेवढ्यात कळते. प्रत्यक्ष हाणामारी सुरू झाली की ती पेकिंग ऑपेरा या पारंपरिक चिनी संगीतनाट्याच्या तालावर चालते: टाळांचे व लाकडी तालवाद्यांचे ठोके, मध्येच गोठल्यासारखी मुद्रा, मग क्षणार्धात झडप आणि पुन्हा स्तब्धता. उडीचा सगळा प्रवास दाखवण्याऐवजी हू तिचे तुकडे अशा वेगाने जोडतात की माणूस दिसायच्या आत तो दुसरीकडे पोहोचलेला असतो. १९६७ सालची साधने तोकडी होती हे खरे, पण दोऱ्यांवर लटकवलेल्या आणि संगणकाने सफाई केलेल्या आजच्या अनेक उड्यांपेक्षा मला हे कौशल्य जास्त पटते.

चांग चेह यांना अशी संयमाची गोडी नाही. त्यांना रक्त हवे, घाव हवा, उघड्या छातीचा तरुण हवा आणि त्याची वेदना लांबून नव्हे तर जवळून दिसायला हवी. लाऊ कार-ल्युंग आणि तोंग गाय या जोडीने बसवलेली हाणामारी अधिक जड आणि अधिक शारीरिक आहे. वार लागला की तो लागल्यासारखा वाटतो. नायकाची भूमिका करणारा जिमी वांग यू चेहऱ्याने फारसा लवचिक नट नव्हता, पण आतल्या आत धुमसण्याची ढब त्याला उत्तम साधली. हाँगकाँगमध्ये हाच चित्रपट दहा लाख हाँगकाँग डॉलरांचा टप्पा ओलांडणारा पहिला स्थानिक चित्रपट म्हणून ओळखला जातो. शहरात त्याच वर्षी दंगली उसळल्या होत्या, आणि अपमान गिळून उभा राहणारा तरुण तेथील प्रेक्षकांना का जवळचा वाटला असेल याचा अंदाज बांधणे कठीण नाही. पुढे या नायकाची इतकी चलती झाली की १९७१ साली जपानच्या झातोइची या आंधळ्या तलवारबाजाशी त्याची गाठ घालून देणारा चित्रपटही निघाला.

एका बाबतीत मात्र चांग चेह यांची बाजू उघडपणे लंगडी पडते, आणि ज्यांना हा मुद्दा महत्त्वाचा वाटतो त्यांनी तो आधीच लक्षात घ्यावा. त्यांच्या जगात एक स्त्री हात तोडते, दुसरी जखम बांधते, आणि या दोन कामांपलीकडे स्त्रियांना फारसे स्थान नाही. 'ड्रॅगन इन'मध्ये शांगक्वान लिंगफेंग हिने साकारलेली, पुरुषवेशात आलेली तरुणी आपल्या भावाच्या आणि श्याओच्या बरोबरीने लढते, तिच्या लढण्याचे कोणाला नवल वाटत नाही आणि तिचे लग्न लावून देण्याची घाईही कोणाला नाही. हू यांनी १९६६ साली शॉ ब्रदर्ससाठीच केलेल्या 'कम ड्रिंक विथ मी'मध्ये चेंग पेइ-पेइ हिने साकारलेली गोल्डन स्वॅलो ही योद्धाच मध्यवर्ती होती. हू तैवानला निघून गेल्यानंतर १९६८ साली चांग चेह यांनी त्याच पात्राच्या नावाने चित्रपट काढला आणि त्यात सगळा प्रकाश वांग यू याच्यावर टाकला. दोघांच्या स्वभावातला फरक एवढ्या एका गोष्टीवरून समजावा.

खलनायकांच्या बाबतीत तराजू हू यांच्याकडेच झुकतो. बाय यिंग या नटाने साकारलेला खोजा त्साओ अखेरच्या भागात प्रत्यक्ष येतो आणि तो एकट्याने सगळ्यांना भारी पडतो. त्याला दम्याचा त्रास आहे, आणि नायक मंडळी त्याला गोल फिरवून, चिडवून, दमवून आणतात. त्याच्या खोजेपणावरून केलेली टवाळी आज कानाला खटकते, हे नमूद केले पाहिजे. परंतु एका माणसापुढे चौघे-पाच जण अपुरे पडत आहेत हे चित्र दुर्मीळ आहे, आणि त्यामुळे नायकांचा विजय गृहीत धरता येत नाही. 'वन-आर्म्ड'मधील शत्रू हत्याराच्या युक्तीने लक्षात राहतात, माणूस म्हणून फारसे नाहीत.

शेवटाविषयी फार सांगणे योग्य नाही, पण एवढे सांगितल्याने बिघडणार नाही: फांगला गुरूंचा वारस होता आले असते आणि तो श्याओमानबरोबर शेती करायला निघून जातो. देणे फिटले की तलवारीचे काम संपले, असा त्याचा हिशेब आहे. श्याओच्या बाबतीत असा हिशेब मुळातच नसल्यामुळे त्याचे काम कधी संपेल असे वाटत नाही.

पाहण्याच्या सोयीचा मुद्दा थोडक्यात. 'ड्रॅगन इन'ची तैवानमध्ये ४के दर्जात पुनर्संचयित केलेली प्रत २०१४ साली फ्रान्समधील कान चित्रपट महोत्सवाच्या अभिजात विभागात दाखवली गेली. तीच मिळवावी, आणि शक्य तितक्या मोठ्या पडद्यावर पाहावी, कारण उजाड मैदान, ढगांनी वेढलेले डोंगर आणि त्यांच्यापुढे ठिपक्याएवढी माणसे हे या चित्रपटाचे अर्धे वैभव आहे. मोबाइलवर ते हरवते. 'वन-आर्म्ड' बव्हंशी स्टुडिओत उभारलेल्या बर्फात आणि अंगणांत घडतो, आणि कथेच्या जोरावर लहान पडद्यावरही तगतो. शॉ ब्रदर्सचा संग्रह सेलेस्टियल पिक्चर्सकडे गेल्यावर त्यांच्याही चित्रपटांच्या स्वच्छ प्रती निघाल्या. इंग्रजी डबिंग दोन्हींचे टाळावे आणि मूळ मँडरिनसह उपशीर्षके लावावीत; डब केलेल्या आवाजात हे नायक कोणत्याही बाजारू मारधाडीतले वाटू लागतात.

तेव्हा निवड अशी करावी. ज्याला आधी माणसात गुंतावे लागते, ज्याला कारण, अपमान, साधना आणि परतफेड अशी चढती कमान हवी, त्याने फांग गांगपासून सुरुवात करावी, आणि आवडल्यास डेव्हिड च्यांग व टी लुंग या नटांचा १९७१ सालचा 'द न्यू वन-आर्म्ड स्वोर्ड्समन' पाहावा, जो हिंसेत अधिक बेभान आहे. ज्याला चित्रपट हे आधी दृश्याचे माध्यम वाटते आणि ज्याच्याकडे खानावळीत शांत बसून कोण कोणाला विष घालतो आहे हे पाहण्याची सवड आहे, त्याच्यासाठी 'ड्रॅगन इन' आहे. त्याने पुढे किंग हू यांच्याच 'अ टच ऑफ झेन'कडे जावे. बांबूच्या बनातील लढाईसाठी प्रसिद्ध असलेल्या आणि १९७५ साली कान येथे तांत्रिक कामगिरीचा पुरस्कार मिळवलेल्या त्या तीन तासांच्या चित्रपटापासून सुरुवात करण्याचा सल्ला अनेक जण देतात. तो मला मान्य नाही, कारण त्याचा पहिला तास केवळ पडक्या वाड्याभोवती घुटमळतो आणि नवख्याचा धीर तेथेच सुटतो.

धुके, कारस्थान आणि चमत्कारिक हत्यारे यांचीच ज्याला ओढ आहे, त्याने या दोहोंना बगल देऊन दिग्दर्शक छू युआन यांचा १९७६ सालचा 'द मॅजिक ब्लेड' लावला तरी चालेल, मात्र त्यात नीतीपेक्षा नखरा जास्त आहे. आणि एकच पाहायचा असेल, मोठा पडदा हाताशी असेल व घरात इतर कोणाला घाई नसेल, तर माझे मत 'ड्रॅगन इन'ला.