दूतावासाचा नंबर, गिफ्ट कार्डं आणि आमची भाची

माझी भाची टेक्सासमध्ये एमएस करते. पहिल्याच सेमिस्टरला एका दुपारी तिला फोन आला आणि संध्याकाळपर्यंत दोन हजारांहून जास्त डॉलर गेले. तिला विचारूनच हे लिहितेय. ऑगस्टमध्ये नवी मुलं येतील, त्यांच्यापर्यंत आणि मुख्य म्हणजे त्यांच्या आईवडिलांपर्यंत हे पोचावं.

फोन 202 ने सुरू होणाऱ्या नंबरवरून आला, म्हणजे वॉशिंग्टनचा. पोरगी काही बावळट नाही. बोलता बोलता तिने तो नंबर गुगल केला, तर तो भारतीय दूतावासाचाच निघाला. खरं तर स्क्रीनवर कुठला नंबर दिसावा हे इंटरनेटवरून कॉल करणाऱ्याला ठरवता येतं. दूतावासाच्या नंबरांचा असा वापर होतोय, अशा सूचना खुद्द दूतावासाने वेळोवेळी काढल्यात. आमचा अधिकारी फोनवर वैयक्तिक माहिती मागत नाही, काही हवं असेल तर एमईए डॉट गव्ह डॉट इन या पत्त्यावरून ईमेल येतो, असं त्यात साफ लिहिलेलं असतं. पण विमानातून उतरून सिम कार्ड, घर, बँक, रजिस्ट्रेशन यांत पळणारं पोर दूतावासाच्या सूचना कधी वाचणार?

पलीकडचा माणूस हिंदीत बोलत होता, अगदी अदबीने. त्याने तिचं पूर्ण नाव सांगितलं. जन्मतारीख, पासपोर्ट नंबर सांगितला. मग आय-94 चा, म्हणजे अमेरिकेतल्या प्रवेशाच्या नोंदीचा, नंबर आणि ती अमेरिकेत उतरली ती तारीख. एवढं सरकारशिवाय कुणाला माहीत असणार, असं तिला वाटलं. कुणालाही वाटेल. पण पासपोर्टवरची माहिती हातात असली की आय-94 कस्टम्सच्या साइटवरून काढता येतो. तो सरकारी रेकॉर्ड असला तरी त्याची किल्ली म्हणजे तुमच्या पासपोर्टचं पहिलं पान. आणि ते पान आपण किती जणांना पाठवतो! हिनेच रूम शोधताना व्हॉट्सॲपवर भेटलेल्या, पुढे गायब झालेल्या एका 'घरमालका'ला स्कॅन पाठवला होता. तिथूनच गळलं असेल असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही, पण माझा संशय तिथेच जातो.

तर म्हणे तिच्या फॉर्मवर ए-नंबर (इमिग्रेशन खातं परदेशी माणसाला देतं तो नंबर) चुकीचा पडलाय, दिल्लीहून तक्रार आलीय आणि पाच वाजेपर्यंत दुरुस्ती झाली नाही तर डिपोर्टेशनची ऑर्डर निघणार. वास्तविक नुकत्याच आलेल्या एफ-1 व्हिसावरच्या विद्यार्थ्याला ए-नंबर सहसा नसतोच, तो पुढे ओपीटीच्या, म्हणजे शिक्षणाला जोडून नोकरी करायच्या, वर्क परमिटच्या वेळी मिळतो. नसलेला नंबर चुकणार कसा? पण हे तिला कोण सांगणार, कारण पुढचं वाक्य होतं, "मॅडम, कॉल डिस्कनेक्ट मत कीजिए, और किसी को बताना मत, केस कॉन्फिडेन्शियल है." भारतात याला आता डिजिटल अरेस्ट म्हणतात. तिथे सीबीआयचा धाक, इथे व्हिसाचा. घरावर कर्ज काढून आलेल्या मुलाला 'परत पाठवू' एवढं म्हटलं तरी पुरतं.

दंड म्हणे गिफ्ट कार्डांनी भरायचा, केस बंद झाली की रिफंड. हे वाचताना हसू येतं. पण सव्वा तास कानाशी फोन आणि घरात कुणी नाही, अशा अवस्थेत ते फक्त आणखी एक सरकारी काम वाटतं. दुकानात काउंटरवरच्या बाईने विचारलंसुद्धा, "ही कार्डं कुणी फोनवरून घ्यायला सांगितलीत का?" त्याचं उत्तर आधीच पढवलेलं होतं: कझिनचा वाढदिवस आहे. मग पार्किंगमध्ये उभं राहून घराच्या किल्लीने एकेक चंदेरी पट्टी खरवडायची आणि नंबर वाचायचा. फोनवरचा माणूस तो परत वाचून दाखवायचा आणि दर वेळी म्हणायचा, "थँक यू मॅडम, व्हेरिफाय हो गया."

खात्यातले संपले तेव्हा तिने मला मेसेज केला: "मावशी, लगेच 1500 झेल करशील? नंतर सांगते." झेल म्हणजे बँकेच्या ॲपवरून झटपट पैसे पाठवणं. मी फोन केला तर कट. पुन्हा केला, पुन्हा कट. एरवी हीच मुलगी वरणाला फोडणी कशी द्यायची ते विचारायला अर्धा तास बोलते. पैसे न पाठवता मी तिच्या हैदराबादच्या रूममेटला फोन लावला. ती लायब्ररीतून धावत घरी आली आणि हिच्या हातातून फोन काढून घेऊन सरळ बंद केला.

दुसऱ्या दिवशी युनिव्हर्सिटीच्या इंटरनॅशनल ऑफिसात गेली. तिथल्या डीएसओने, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या व्हिसाचं काम बघणाऱ्या अधिकाऱ्याने, सेव्हिस हा तिचा सरकारी विद्यार्थी रेकॉर्ड उघडून पाहिला. सगळं व्यवस्थित होतं. असा फोन आला तर बंद करून आधी या माणसाला विचारावं, त्याचा नंबर पहिल्या दिवशीच सेव्ह करावा.

कार्डं आणि पावत्या तिने फेकल्या नव्हत्या, हे बरं झालं. कार्ड कंपनीला लगेच फोन केला, एक कार्ड अजून वापरलेलं नव्हतं, तेवढे पैसे वाचले. बाकीचे गेले ते गेले. स्थानिक पोलिसांत रिपोर्ट दिला, एफटीसी या ग्राहक संरक्षण बघणाऱ्या सरकारी संस्थेकडे आणि एफबीआयच्या आयसी3 या ऑनलाइन तक्रार केंद्रावर तक्रार नोंदवली. सोशल सिक्युरिटी नंबरही तिने त्या माणसाला सांगून टाकला होता, म्हणून इक्विफॅक्स, एक्सपिरियन आणि ट्रान्सयुनियन या तिन्ही क्रेडिट ब्युरोंकडे क्रेडिट फ्रीज केलं, म्हणजे तिच्या नावावर दुसऱ्या कुणाला कर्ज काढता येऊ नये. ते फुकट होतं, आणि तिन्हीकडे वेगवेगळं करावं लागतं.

गणपतीला जमलेल्या मंडळींत कुणीतरी म्हणालंच, "एवढी शिकलेली मुलगी आणि गिफ्ट कार्ड घेते?" माझं डोकंच फिरलं. 2016 च्या ऑक्टोबरमध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर धाड घालून सातशेच्या आसपास लोक ताब्यात घेतले होते, आठवतं? तिथून आयआरएसचे, म्हणजे अमेरिकेच्या कर खात्याचे, अधिकारी म्हणून अमेरिकेत फोन जायचे, थकलेल्या कराची आणि अटकेची भीती घालायची आणि गिफ्ट कार्डांचे नंबर घ्यायचे. फसलेल्यांत अमेरिकेतच जन्मलेले, व्हिसाचं कसलंही भय नसलेले लोकही होते. तेव्हा आमच्या पोरीला हसू नका. उलट हे टाळता आलं असतं ते आपल्याला. मुलं निघताना आपण बॅगेत मेतकूट, कुकर, क्रोसिन सगळं भरतो, पण 'सरकारच्या नावाने फोन आला तर कट कर आणि आधी मला फोन कर' हे सांगतं कोण?

त्यानंतर काही आठवड्यांनी तिला आणखी एक फोन आला. या वेळी इंग्रजीत: आम्ही फसवणुकीचे पैसे परत मिळवून देतो, तुमची केस आमच्याकडे आलीय, प्रोसेसिंग फी फक्त तीनशे. एकदा फसलेल्याला हेरून असे फोन येतात. फी कशी भरायची, असं तिने विचारलं. गिफ्ट कार्ड, असं उत्तर आलं. तिने त्याला होल्डवर ठेवलं आणि लेक्चरला निघून गेली.