2000 नंबर छापलेला वॉटर पेपर आणि आजोबांचा वस्तरा, माझ्यासारखं फसू नका

दोन महिने लिहू का नको करत होतो, लाज वाटते हे खरं कारण. सँडपेपरमध्ये फसलो म्हटलं की लोक हसतात. पण गेला तो पेपर नाही, आजोबांचा वस्तरा गेलाय आणि तो मी माझ्याच हाताने घासून घालवलाय.

वस्तऱ्याचा गंज काढून पॉलिश करायला वॉटर पेपरचा, म्हणजे पाण्यात भिजवून वापरायच्या सँडपेपरचा, ऑनलाइन सेट घेतला. यात नंबर जेवढा मोठा तेवढा दाणा बारीक. 60 शीट, 400, 600, 800, 1000, 1500 आणि 2000 नंबरच्या प्रत्येकी 10. वर्णनात सिलिकॉन कार्बाइड, पाण्यात चालणारा, वस्तरा आणि चाकूसाठी खास, सगळं लिहिलेलं. स्वस्तात मिळतंय म्हणून भुललो असं कृपया कोणी म्हणू नका, चांगल्या वॉटर पेपरला जो दर पडतो तोच मोजला आणि पूर्ण पैसे आधी भरले. घेण्याआधी विचारलं पण होतं की हा नंबर पी वाला (युरोपियन मोजणीचा) आहे का साधा (अमेरिकन), उत्तर आलं "सर सेम असतं". सेम नसतं! पी1200 चा दाणा साधारण 15 मायक्रॉनचा, आणि अमेरिकन मोजणीतला 600 म्हणजे जवळपास तेवढाच. ज्याला हे माहीत नाही त्याच्याकडून पेपर घ्यायचाच नाही, पण मला वाटलं दुकानदार आहे, त्याला कशाला एवढं माहीत असेल.

पार्सल उघडलं तर 52 शीट. 2000 च्या दहाच्या जागी 2. "उरलेल्या 8 पाठवतो" म्हणाला, त्या आजपर्यंत आलेल्या नाहीत. पॅकिंगची चूक असेल म्हणून सोडून दिलं.

सुरुवातीला काम छान चाललं होतं, खोटं कशाला बोलू. पात्यावर वरवरचा तांबूस गंज होता, काळे खड्डे फक्त पाठीकडे दोन-तीन, धारेपाशी एकही नाही. (धारेलगत काळे खड्डे असतील तर त्या वस्तऱ्यावर मेहनत करूच नका, ते घासून जात नाहीत, तिथली धार तुटते.) खोडरबराला पेपर गुंडाळून, पाणी आणि साबणाचा एक थेंब लावून, पाठीकडून धारेच्या दिशेने हलक्या हाताने घासत होतो, धारेवर उलटा कधीच नाही. 400 चे चरे आडवे काढले, 600 चे उभे, म्हणजे आधीचा एक जरी चरा राहिला तरी दिसतो. 1000 पर्यंत पातं एकसारखं दुधाळ झालं होतं, मी तर खूश.

मग 1500 काढला.

पंधरा मिनिटं पाण्यात ठेवला होता, बघतो तर पाणी निळसर झालेलं. शीट उचलली आणि मागचा 1500 हा आकडा माझ्या अंगठ्यावर आला. चांगल्या वॉटर पेपरची छपाई पाण्यात विरघळत नाही, तो बनवलेलाच पाण्यासाठी असतो, हे मला माहीत होतं. आणि त्या पुसलेल्या शाईखाली फिकट दुसरा आकडा होता, 320. मी तो वाचला. वाचला आणि अंगठा फडक्याला पुसून घासायला बसलो!! का ते आज पण सांगता येत नाही. आवाजसुद्धा वेगळा होता, बारीक पेपर नुसता सुळसुळतो, हा खरखरत होता, आणि दुसऱ्याच मिनिटाला पात्यावर उभे खोल चरे.

मला वाटलं माझाच हात जड पडतोय. नवख्या माणसाला सगळे हेच सांगतात ना, दाब कमी कर, दाब कमी कर, मग दोष हाताला देणार नाही तर कशाला देणार. म्हणून परत 600 वर गेलो, पुन्हा 800, 1000, आणि पुन्हा तोच 1500. असं तीनदा. तिसऱ्या वेळी 1500 सोडून थेट 2000 लावला, तेच चरे. तेव्हा कुठे दोन्ही शीट शेजारी ठेवून भिंगातून पाहिल्या, दाणा एकच. पी320 चा दाणा साधारण 46 मायक्रॉनचा, पी1500 चा साडेबाराच्या आसपास. म्हणजे जवळपास पावणेचार पट जाड दाण्याने मी पॉलिश करत होतो, 9 रात्री.

दर फेरीत पोलाद जातं. पात्यावरची कोरीव अक्षरं गेली, आता नुसती सावली दिसते. त्याहून वाईट म्हणजे पाठ एका बाजूने जास्त झिजली. वस्तऱ्याला धार लावताना पाठ आणि धार दोन्ही दगडावर टेकतात, कोन पाठीच्या जाडीवर ठरतो, पाठ वाकडी झाली की धार कधीच सरळ बसत नाही. दगडावर घेतला तर मधेच दोन कपचे उडाले. मशीनच्या चाकावर सरळ करून घे असं एकाने सुचवलं, ते करू नका, पातळ पातं क्षणात तापतं आणि त्याचं पाणी उतरतं, म्हणजे कडकपणा जातो, मग ते पोलाद कुठल्याच कामाचं राहत नाही.

आता तक्रारीचं ऐका. विक्रेता म्हणाला वापरलेली शीट परत घेत नाही. अहो, न वापरता कळणार कसं? साइटच्या कस्टमर केअरने चार वेळा तक्रार "निकाली" काढली, एकदा तर मी उत्तर टाइप करत असताना. फोटो मागितले, 11 पाठवले, पुसलेल्या आकड्याचा पण पाठवला, तर म्हणे फोटोवरून दाण्याचा आकार ठरवता येत नाही. मग 15 टक्के परत देतो म्हणाले, ते पण तक्रार मागे घेतली तर. नाही घेतली. बँकेला कळवलं, बँक म्हणते वस्तू पोचली म्हणजे व्यवहार पूर्ण. आलेल्या 52 पैकी 12 शीट बनावट आणि 8 आल्याच नाहीत, हा कुठला पूर्ण व्यवहार? ग्राहक तक्रारीच्या ऑफिसात गेलो तर तिथल्या माणसाने प्रयोगशाळेचा रिपोर्ट आणा म्हणून सांगितलं, कुठली प्रयोगशाळा विचारलं तर ते तुम्ही शोधा. वस्तऱ्याचं नुकसान धरा म्हटलं तर त्याचं बिल आहे का! आजोबांच्या वस्तऱ्याचं बिल मी कुठून आणू? प्रत्येकाने मला दुसऱ्या खिडकीकडे पाठवलं आणि प्रत्येक खिडकीवर मी पहिल्यापासून सगळं सांगत बसलो.

नवीन पेपर आला की आधी जुन्या स्टीलच्या चमच्याच्या पाठीवर घासा, वरच्या नंबरचा चरा खालच्या नंबरपेक्षा खोल दिसला तर तिथेच थांबा, आकडा काय छापलाय ते बघू नका. ओला अंगठा आकड्यावर फिरवा. शीट घरी आल्या आल्या मोजा, पार्सल उघडताना व्हिडिओ काढा. आणि नवीन नंबर पात्यावर लावायचाच असेल तर पहिल्यांदा शेपटीपाशी, जिथे दाढी करताना काही लागत नाही.

माझ्याकडे 1500 च्या 6 शीट अजून कोरड्या आहेत, आकडा जसाच्या तसा. कोणाला दाण्याचा आकार मोजून लेखी देता येत असेल तर सांगा, मी पाठवतो, पाचवी तक्रार अजून उघडी आहे.