मोझॅकसाठी कुठली काच घ्यावी : खिडकीची, बाटलीची, बांगडीची की आरशाची?

मोझॅक म्हणजे तुकडे शेजारी शेजारी चिकटवून केलेली नक्षी. त्यासाठी काचेआधी जागा ठरवा. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर-कणकुंबीच्या पावसात भिजणारं तुळशी वृंदावन आणि अथणीतल्या ओसरीची कोरडी भिंत, या दोन्हींना एकच माल चालत नाही.

खिडकीची काच मापात मिळते. काचेच्या दुकानात किंवा फ्रेमवाल्याकडे कापून उरलेल्या ४ मिमीच्या पट्ट्या असतात. चौरस फुटाला साधारण किलोभर काच बसते; वाया जाणारी धरून सव्वा किलो आणा. कटरचं चाक रॉकेलमध्ये बुडवून रेघ एकदाच ओढायची. त्याच रेघेवर पुन्हा फिरवलं की काच वाकडी फुटते आणि चाकही बोथट होतं. अडचण रंगाची आहे. मागून ऑइलपेंट मारला तर अ‍ॅडहेसिव्ह काचेला न धरता रंगाला धरतं, आणि रंग सुटला की तुकडाही सुटतो. त्यापेक्षा पांढऱ्या टाइल अ‍ॅडहेसिव्हमध्येच ऑक्साइड रंग कालवा, वजनाच्या ५ टक्क्यांच्या आत.

बाटलीचा हिरवा-तपकिरी रंग काचेतच असतो, उन्हापावसानं उतरत नाही. पण तिला बाक असतो. ७ सेमी व्यासाच्या बाटलीचा ४ सेमी रुंद तुकडा मधे जवळजवळ ६ मिमी उचललेला राहतो. दीड सेमीचा तुकडा १ मिमीहून कमी. मोठ्या तुकड्याखाली पोकळी राहते, तिच्यात पाणी शिरतं आणि पुढे आतलं शेवाळ काचेतून दिसतं. म्हणून लहान तुकडे करा आणि तुकड्याच्या पाठीलाही अ‍ॅडहेसिव्ह भरा. लेबल धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्यात सुटतं. बाटली गोणपाटात गुंडाळून फोडायची, डोळ्यांवर चष्मा हवाच. धार कुरुंदाच्या दगडावर पाणी घालून मारा. कोरडं घासलं तर काचेची धूळ छातीत जाते.

वाढवलेल्या बांगड्या भरणीला घेऊ नका, वेलीच्या आणि मोराच्या रेषेला घ्या. अशी वळणं कटरनं काढणं फार कठीण. मात्र साध्या काचेच्याच हव्यात. वरचं सोनेरी काम बाहेर टिकत नाही.

आरसा चमकतो खरा, पण ओल लागली की कडेनं काळा पडत जातो. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉनही मागची कलई खातं. न्यूट्रल सिलिकॉन मागा. आमचं मत सरळ आहे : आरसा घरातच.

भंगारात गाडीच्या काचाही स्वस्त मिळतात. बाजूच्या काचेचे दाणेच होतात, ते कापता येत नाहीत, पण पार्श्वभूमीला शोभतात. पुढची काच आतल्या प्लास्टिकच्या थराला चिकटून राहते, तिच्या वाटेला जाऊ नका. जुन्या ट्यूबलाइट आणि सीएफएल मुळीच नको, त्यात पारा असतो.

काच ठरली की पाठ, म्हणजे तुकडे ज्यावर चिकटवायचे तो पाया. प्लायवूड ओलीनं फुगतं आणि तुकडे उडतात. बाहेर ८ मिमीचा सिमेंट बोर्ड (चौरस फुटाला किलोभर) किंवा शहाबादी फरशी घ्या. २५ मिमीची फरशी चौरस फुटाला पावणेसहा किलोच्या आसपास भरते, ती टांगायची नसते, बसवायची. फेविकॉल फक्त घरातल्या लाकडी पाठीसाठी, कारण पाण्यात तो पांढरा पडून मऊ होतो. बाहेर पॉलिमरयुक्त पांढरं अ‍ॅडहेसिव्ह : ३ मिमी थराला चौरस फुटाला अर्धा किलो. करडं घेतलंत तर पारदर्शक काच मळकट दिसते. एका वेळी वीस मिनिटांत लावून होईल एवढंच पसरा. वर साय धरली की तुकडा चिकटल्यासारखा वाटतो, पण धरत नाही.

फटी २ ते ३ मिमी ठेवा. दुसऱ्या दिवशी त्यांत टूथपेस्टइतकं घट्ट ग्राउट (फटी भरायचा सिमेंटचा लगदा) भरा आणि पंधरा-वीस मिनिटांनी ओलसर फडक्यानं पुसा. पातळ ग्राउट वाळताना आकसून तडकतं. खानापूरकडे बाहेरचं काम मेच्या मध्यापर्यंत उरका. अथणी-रायबागकडे उन्हाळ्यात ग्राउट फार लवकर वाळतं, तिथं संध्याकाळी भरा आणि दोन दिवस ओलं पोतं टाकून ठेवा.