नांदूर मध्यमेश्वर: दुर्बीण की स्पॉटिंग स्कोप?

नाशिक जिल्ह्यातल्या या पक्षी अभयारण्यात जायचंय आणि पैसे एकाच वस्तूपुरते असतील, तर आधी ८×४२ (८ पट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची) दुर्बीण घ्या. चक्रवाक, थापट्या, वारकरी हे पाणपक्षी तिच्यातून सहज ओळखता येतात. उडता थवाही तिच्यातच सापडतो. स्कोप (ट्रायपॉडवर लावून एका डोळ्याने पाहायची दुर्बीण) वळवेपर्यंत पक्षी पसार!

चिखलात चरणाऱ्या तुतारी या छोट्या पक्ष्यांसाठी मात्र २० ते ६० पटीचा स्कोपच हवा. ठिपकेवाल्या तुतारीची पांढरी भुवई डोळ्याच्या बरीच मागे जाते, हिरव्या तुतारीची डोळ्यापाशीच संपते. एवढं बारीक दुर्बिणीतून लांबून दिसत नाही. ऊन चढलं की पाण्यावरची हवा थरथरते आणि ६० पटीत सगळं धूसर होतं; तेव्हा २५-३० वर या. निरीक्षण मनोऱ्यावर कुणी चाललं तरी चित्र हलतं, म्हणून ट्रायपॉडचा मधला दांडा खालीच ठेवा.