टिनाच्या शेडवरचा टर्बो व्हेंटिलेटर: माळ्याला उपयोगी, खालच्या जागेला बेताचाच

दारव्हा तालुक्यातील आमच्या घराला लागून गाडी ठेवण्याचे 12 बाय 20 फुटांचे शेड आहे. वर टिनाचे पत्रे, पत्र्यांखाली फळ्यांचा माळा आणि पश्चिमेला लोखंडी शटर अशी त्याची रचना असल्यामुळे ते मार्चअखेरीसच तापू लागते आणि मेअखेरच्या नवतप्यात, म्हणजे सर्वात कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, तर दुपारी माळ्यावर हात टेकवत नाही. गाडीचे एक वेळ चालून जाईल. परंतु त्याच माळ्यावर पुढच्या पेरणीसाठी राखलेले सोयाबीनचे कट्टे असतात, आणि सोयाबीनचे बियाणे उष्णतेला फार नाजूक असते. बीज प्रमाणीकरणात त्याची उगवण किमान 70 टक्के धरलेली आहे. उन्हाळाभर भट्टीत राहिलेले घरचे बियाणे तिथवर पोहोचेल याचा भरवसा देता येत नाही. या कारणाने आम्ही आढ्याजवळ 24 इंची, वाऱ्यावर फिरणारा ॲल्युमिनियमचा टर्बो व्हेंटिलेटर, म्हणजे छपराखालची गरम हवा बाहेर काढणारा बिनविजेचा पंखा, बसवून घेतला. एक उन्हाळा आणि एक पावसाळा काढल्यानंतरचे हे मत आहे.

वस्तू म्हणून तिच्यात नाव ठेवण्याजोगे फारसे नाही. पाती पातळ असली तरी कडा नीट दुमडलेल्या आहेत, बेअरिंग अद्याप कुरकुरलेले नाही आणि विजेचा संबंधच नसल्यामुळे भर दुपारी लाइन गेली तरी त्याचे काम थांबत नाही. खालची फायबरची बैठक मात्र घेताना तपासून घ्यावी. आपल्या पत्र्याची नाळी (उंचसखल पन्हळ) गोल आहे की चौकोनी, हे पाहूनच त्या मापाची बैठक मागावी लागते. दुकानदार हाताशी असेल ती देतो आणि उरलेली फट सिलिकॉनने बुजवली जाते, ती दुसऱ्या पावसात उघडी पडते.

आमची तक्रार आहे ती विकताना दिलेल्या शब्दाबद्दल. आतले तापमान 10 अंशांनी उतरेल, असे आम्हाला ठासून सांगण्यात आले होते. पंखा बसला, गरगर फिरू लागला, आणि माळ्यावर टांगलेल्या तापमापकात जेमतेम 2 अंशांचा फरक दिसला. बाहेर सावलीत 44 असताना आत 52 च्या आसपास, म्हणजे बियाण्याच्या दृष्टीने काहीच साधले नव्हते.

याचे कारण पंख्यात नव्हते, वळचणीत होते. उंदीर आणि साप येऊ नयेत म्हणून भिंत आणि पत्रा यांमधली फट पूर्वी विटांचे तुकडे आणि सिमेंट घालून बुजवलेली होती, आणि माळ्याच्या फळ्याही एकमेकींना भिडलेल्या होत्या. गरम हवा वरून बाहेर पडायची तर तेवढीच हवा खालून आत यायला हवी. आपल्याकडे कुलर लावला की समोरची खिडकी उघडी ठेवतात, नाहीतर खोलीत नुसता दमटपणा साचतो, हे घरातल्या लहान मुलालाही ठाऊक असते. इथे तेच उलट बाजूने लागू होते, इतकेच. बसवून देणाऱ्या कारागिराने पत्रा कापण्यापूर्वी वळचणीकडे एकदा मान वर करून पाहिले असते, तरी हे तिथेच लक्षात आले असते.

दुसरी गोष्ट अशी की, पंखा फिरतो म्हणजे तो हवा ओढतोच असे नव्हे. बाहेरचा वारा पात्यांवर आदळला की तो फिरणारच. आतून किती हवा निघते हे त्या फिरण्यावरून कळत नाही. खात्री करायची असेल तर गाडी आणि पेट्रोलचा डबा बाहेर काढून, उदबत्ती पेटवून ती वळचणीच्या फटीजवळ आतल्या बाजूने धरावी. आमच्याकडे आधी धूर सरळ वर जाऊन पत्र्याखाली रेंगाळत असे. दोन्ही वळचणींतले बांधकाम फोडून तिथे गंजरोधक तारेची जाळी बसवल्यावर तोच धूर आढ्याकडे तिरपा खेचला जाऊ लागला, आणि पंख्याच्या तोंडाशी पोहोचून दिसेनासा होऊ लागला.

किती जागा उघडावी, याचा एक ठोकताळा अमेरिकेतील घरबांधणीच्या नियमांत आहे: माळ्याच्या क्षेत्रफळाच्या दीडशेवा भाग हवेसाठी मोकळा असावा, आणि ती जागा वर व खाली साधारण निम्मी निम्मी विभागलेली असल्यास तीनशेवा भागही चालतो. आमच्या 240 चौरस फुटांना दीडशेव्या भागाचा हिशेब दीड चौरस फुटाच्या थोडा वर जातो. 24 इंची तोंडाचे क्षेत्रफळच 3 चौरस फुटांहून अधिक असल्याने एक पंखा पुरेसा आहे. दुसरा घेण्याचा आग्रह झाला तर तो नाकारावा आणि तो पैसा खालच्या जाळ्यांवर लावावा. जाळीच्या तारांनी बरीच जागा अडते, म्हणून मोकळी फट हिशेबापेक्षा सढळ ठेवलेली बरी.

जाळ्या लागल्यानंतर माळ्यावरची दुपार 46 ते 47 पर्यंत उतरली. खरा फरक संध्याकाळचा आहे: पूर्वी रात्री नऊपर्यंत कोंडलेली धग दिवेलागणीलाच ओसरते, आणि कट्ट्यांना रात्रभर थंड हवा मिळते. यापेक्षा अधिक अपेक्षा या यंत्राकडून करू नये. वायुवीजनाने आतली हवा बाहेरच्या हवेहून थंड होत नाही, आणि बाहेर 44 असेल तर तीच खालची मर्यादा.

शिवाय तापलेला पत्रा हवेतूनच नव्हे, तर थेट किरणांनीही खालच्या वस्तू तापवतो, त्यावर पंख्याचा काही इलाज चालत नाही. गाडीच्या जागेत दुपारी अजूनही उकडते ते पश्चिमेच्या शटरमुळे. तिथे पंख्याने जेमतेम एखाद्या अंशाचा दिलासा दिला असेल. नुसत्या गाडीसाठी हा खर्च करू पाहणाऱ्यांनी आधी शटरसमोर हिरव्या जाळीची सावली करून पाहावी. पत्र्यावर पांढरा उष्णतारोधक रंग देणे किंवा पत्र्याखाली इंचभर अंतर सोडून चंदेरी फॉइल ताणणे हे उपाय किरणांच्या उष्णतेवर चालतात. चुना स्वस्त पडतो, पण पहिल्या मोठ्या पावसाबरोबर पन्हाळीतून वाहून जातो.

पावसाळ्यात वादळी सरींबरोबर एकदा माळ्यावर ओल दिसली. पाणी पात्यांमधून आलेले नव्हते. बैठकीची वरची कड आढ्याच्या पत्र्याखाली सरकवण्याऐवजी त्याच्यावर ठेवलेली होती, आणि काही स्क्रू नाळीच्या खोलगट भागात मारलेले होते, जिथून पाणी वाहते. स्क्रू नेहमी नाळीच्या उंच भागावर, रबरी वायसरसह मारायचे असतात. ते काम दुसऱ्या कारागिराकडून पुन्हा करून घ्यावे लागले आणि त्यानंतर थेंब आला नाही.

बियाणे, धान्य किंवा कापूस पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवणाऱ्यांनी हा पंखा जरूर घ्यावा. मात्र भाव ठरवतानाच वळचणीच्या जाळ्या, बैठकीचे माप आणि बेअरिंगची हमी या तिन्ही गोष्टी पक्क्या बिलावर लिहून घ्याव्यात.