आमच्याच आरतीवर क्लेम, आणि तो सोडवायला मीच भरले 38,350

आधीच सांगतो, पैसे मीच पाठवले, माझ्याच हाताने, तीन वेळा. 2,950, मग 11,800, मग 23,600. ज्याला हसायचंय त्याने आत्ताच हसून घ्या, घरचे हसून झालेत.

आमचं गोव्यातलं घुमट आरतीचं मंडळ आहे. दोन घुमटं (मडक्याला कातडं लावलेलं वाद्य), एक शामेळ (तेही कातड्याचंच वाद्य), कांसाळं म्हणजे झांजा, आणि गाणारे सातजण. दोन वर्षांपूर्वी आमच्याच वसरीत रेकॉर्डिंग केलं, एका पोराने मिक्स करून दिलं, युट्यूबवर आणि फेसबुकच्या पेजवर टाकलं. गेल्या चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, 12 दिवस आधी मेल आला, तुमच्या व्हिडिओतला ऑडिओ दुसऱ्याच्या गाण्याशी मॅच झाला, क्लेम (मालकीचा दावा) लागला, कमाई त्यांना. फेसबुकवर तर आवाजच बंद, पोरं घुमटावर हात मारतायत आणि ऐकू काहीच येत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन. "सर, तुमच्या ऑडिओवर कॉन्फ्लिक्ट दिसतोय, आम्ही राइट्स मॅनेजमेंट बघतो." क्लेम मला आणि त्या साइटला सोडून फक्त क्लेम लावणाऱ्यालाच माहीत असतो, मग याला कसा कळला, हे तेव्हा डोक्यात आलं नाही. चवथ तोंडावर, माटोळीचं (गणपतीवर बांधायच्या फळाफुलांचं) सामान आणायचं राहिलेलं, डोकं होतं कुठे?

आणि तो काही अगदीच हवेत बोलत नव्हता. एकाच ऑडिओवर एकाच देशासाठी दोघांनी मालकी सांगितली की फेसबुकच्या राइट्स मॅनेजरमध्ये (मालकी सांभाळायच्या यंत्रणेत) कॉन्फ्लिक्ट खरंच पडतो. त्यात आरतीचे शब्द परंपरेतले, चाल परंपरेतली, अर्धा गोवा तीच म्हणतो, तेव्हा मला वाटलं कुठल्या तरी मंडळाशी खरंच गल्लत झाली असेल. शब्द-चाल कोणाच्या मालकीची नसली तरी आपलं रेकॉर्डिंग आपलंच असतं, 1957 च्या कायद्याने प्रसिद्ध झाल्यापासून 60 वर्षं, हे मला आता पाठ झालंय. तेव्हा नव्हतं.

2,950 केस उघडायचे. 11,800 मालकी पडताळणीचे. 18% जीएसटी अगदी रुपयापर्यंत बरोबर लावलेला, पण बिलावर जीएसटी नंबरच नाही आणि यूपीआय कोणा माणसाच्या वैयक्तिक नावावर. जीएसटी लावलाय पण नंबर नाही असं बिल आलं की तिथेच थांबा.

आता ज्यासाठी रात्री झोप लागत नाही ते. तिसऱ्या पैशाआधी मी म्हटलं, समोरच्या पार्टीचं ओरिजिनल तरी ऐकवा. त्याने बिनधास्त पाठवलं. मी स्पीकरवर लावलं, आई आडोळीवर नारळ किसत होती. 4 मिनिटं 17 सेकंदाला खोकला येतो. आई हात थांबवून म्हणाली, "अरे, हा माझा खोकला." खरंच तिचाच, रेकॉर्डिंगला ती मागे बसली होती, मिक्सवाल्या पोराने काढू का विचारलं तर मीच म्हटलं होतं राहू दे. आणि त्या दिवशी मी तिला काय म्हणालो? "तुला यातलं कळत नाही, गप्प बस." आणि 23,600 पाठवले. मंडळाच्या खात्यातून.

त्यानंतर त्याचा फोन बंद. मग मिक्सवाल्या पोराने दोन्ही फाइली एकावर एक लावून दाखवल्या, केसाचा फरक नाही. आमचाच ऑडिओ उतरवून, नाव बदलून, कुठल्या तरी डिस्ट्रिब्युटरमार्फत (गाणी साइटवर चढवून देणारी कंपनी) रेफरन्स म्हणून, म्हणजे जुळवून बघायचा नमुना म्हणून, टाकलेला. मशीनला आवाजाचा ठसा कळतो, तो कोणाच्या घरातला ते नाही. अमेरिकेत दोघांनी 2017 पासून चार वर्षं अशीच परक्यांच्या गाण्यांवर मालकी सांगून 2.3 कोटी डॉलरच्या वर लाटले, मग माझ्यासारख्याला बनवायला कितीसा वेळ लागणार.

"स्वतः डिस्प्यूट टाकू नका सर, स्ट्राइक येतो," हे त्याने पाच वेळा तरी सांगितलं. डिस्प्यूट म्हणजे क्लेमवरची हरकत, स्ट्राइक म्हणजे चॅनेलवर ठपका. खोटं. युट्यूबवर नुसत्या डिस्प्यूटने स्ट्राइक येत नाही, समोरच्याला 30 दिवस मिळतात, तो गप्प राहिला तर क्लेम सुटतो. उलट पहिल्या 5 दिवसांत डिस्प्यूट टाकला तर पहिल्या दिवसापासूनची कमाई बाजूला राखून ठेवतात, ती माझी गेली. फुकटचं काम, एक फॉर्म.

पोलीस ठाण्यात गेलो तर हवालदार म्हणतो, "गाणं चोरलं म्हणता, पण गाणं तर तुमच्या मोबाइलमध्येच आहे." समजावलं. म्हणाला पैसे तुम्हीच पाठवलेत, मग फसवणूक कशी? साहेब चवथीच्या बंदोबस्तात. चवथ झाल्यावर गेलो तर साहेब बदलून गेलेले, नवीन साहेबांना पहिल्यापासून सगळं, घुमट म्हणजे काय इथपासून. अर्ज मराठीत होता तर इंग्रजीत आणा म्हणाले, आणला, तर स्क्रीनशॉट रंगीत पाहिजेत. बँकेत गेलो, ती बाई म्हणाली व्यवहार यशस्वी झालेला आहे सर. अहो तो यशस्वी झाला हेच तर माझं दुखणं! कदंब बसच्या तिकिटांतच तीनशेवर गेले. 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन मी नवव्या दिवशी केला, तोवर पैसे कुठे थांबतात, ही चूक माझी. तुम्ही त्याच तासाला करा, लाज नंतर वाटू दे. आणि मिक्सच्या आधीच्या कच्च्या फाइली कधी पुसू नका, मालकी दाखवायला त्याच कामी येतात.

शेवटी डिस्प्यूट मीच टाकला. कारणाच्या चौकटीत लिहिलं, 4:17 ला ऐकू येतो तो खोकला माझ्या आईचा आहे. समोरून उत्तर आलंच नाही, 30 दिवस संपले आणि क्लेम सुटला. फेसबुकवरचा आवाजही आला, पण चवथ मुकीच गेली.

38,350 पैकी एक रुपया आलेला नाही. खजिनदार विचारतोय 23,600 वहीत कुठल्या नावाखाली घालू. मी अजून सांगितलेलं नाही.