रोम, असिसी, पदुआ: ज्युबिली यात्रेचा अनुभव, बऱ्याच महिन्यांनंतर

यात्रेहून परतल्यावर आठवड्याभरात लिहिलेले अनुभव मी फार धरून चालत नाही. तेव्हा सगळंच भारावलेलं असतं. म्हणून हे लिहायला मुद्दाम वेळ घेतला. २०२५ च्या ज्युबिली वर्षात (कॅथलिकांचं दर पंचवीस वर्षांनी येणारं पवित्र वर्ष), पावसाळा सरल्यावर, आई आणि मी वसईहून निघालेल्या एका कॅथलिक ग्रुपबरोबर इटलीला गेलो होतो. रोम, असिसी, पदुआ आणि मधे फ्लॉरेन्स-पिसा. व्हिसा आणि विमा धरून खर्च माणशी अडीच लाखांच्या आसपास. इतक्या महिन्यांनी माझं मत पक्कं झालंय: यात्रेचं पत्रक हातात आलं की त्यातली शहरं मोजण्याआधी मिस्सा (चर्चमधला मुख्य उपासनाविधी) कुठे ठेवलीय, प्रार्थनेला किती वेळ दिलाय आणि सोबत कोणते फादर येताहेत, हे विचारा. बाकीचं सगळं या तीन गोष्टींवर ठरतं.

फादरांपासून सुरुवात करते. प्रत्येक शहरात स्थानिक गाइड असतो, आपल्या कानात हेडफोन, आणि तो इंग्रजीत माहिती देत पुढे चालतो. आमचे गाइड जाणकार होते. संत पेत्र महामंदिरात गाइडने घुमटाची उंची सांगितली, १३६ मीटर. मायकेलअँजेलोचं काम कुठवर, नंतरच्यांचं कुठून, तेही सांगितलं. मग फादरांनी सगळ्यांना मुख्य वेदीसमोर जवळ बोलावलं आणि हळू आवाजात मराठीत म्हणाले, ‘‘गुरूला तीनदा नाकारणारा कोळी पेत्र या वेदीखाली पुरलाय. आता पाच मिनिटं कोणी फोटो काढू नका.’’ घुमटाची उंची मला आज वहीत बघावी लागली. ती पाच मिनिटं मात्र रविवारच्या मिस्सेत अजूनही आठवतात. आमचे फादर रोज सकाळी बसमध्ये जपमाळ झाल्यावर त्या दिवसाच्या ठिकाणाबद्दल बोलायचे, त्यामुळे तिथे पोचेपर्यंत मनाची तयारी झालेली असायची. नुसतं ‘सोबत एक फादर असतील’ एवढ्यावर समाधान मानू नका.

पवित्र द्वाराचा, म्हणजे संत पेत्र महामंदिराच्या फक्त ज्युबिलीत उघडणाऱ्या दाराचा, दिवस तर खास लिहायलाच हवा. ज्युबिलीसाठी ग्रुपची वेळ आधी नोंदवावी लागायची, नोंदणी मोफत होती. पियात्सा पिया या चौकात स्वयंसेवकांनी आमच्या हाती लाकडी क्रूस दिला. तिथून संत पेत्र चौकापर्यंतच्या मोठ्या रस्त्यावर यात्रेकरूंसाठी वेगळी मार्गिका होती. क्रूस आळीपाळीने धरायचा, स्तोत्रं म्हणत चालायचं. आमच्या पुढे पोलंडचा ग्रुप, मागे बहुधा ब्राझीलचा. आम्ही मराठी गीतं म्हणत होतो आणि कडेला उभे असलेले लोक क्रूस दिसला की क्रूसाची खूण करत होते. आईने क्रूस धरला तेव्हा तिचा चेहरा बघून ग्रुपमधल्या एका काकांनी आपली पाळी तिलाच देऊन टाकली. द्वारातून जाणाऱ्याला मिळणाऱ्या पूर्ण पापक्षमेसाठी (पापांच्या शिक्षेची माफी) प्रायश्चित्त संस्कार (फादरांपुढे पापांची कबुली), ख्रिस्तशरीर स्वीकारणं आणि पोपच्या हेतूंसाठी प्रार्थना, हे सगळं लागतं. फादरांनी प्रायश्चित्त संस्काराची सोय आदल्या संध्याकाळी हॉटेलच्या एका खोलीत मराठीत केली होती. किती जणांना त्याने मोकळं वाटलं, ते जेवणाच्या टेबलावर कळत होतं.

रोममधल्याच सांता मारिया मेज्जोरे या महामंदिरात पोप फ्रान्सिस यांची कबर आहे. रांग मोठी दिसते, पण भराभर सरकते. साधा दगड, त्यावर एकच शब्द: ‘फ्रान्सिस्कुस’. थांबू देत नाहीत. चालता चालता जी प्रार्थना होईल ती.

रोममधलं जे ठिकाण पत्रकात एका ओळीत उरकलं होतं, तेच माझ्यासाठी मोठं ठरलं: जेझुइट या धर्मसंघाचं जेझू चर्च. तिथे संत फ्रान्सिस झेवियर यांचा उजवा हात आहे. १६१४ साली गोव्यातल्या त्यांच्या देहापासून वेगळा करून तो रोमला पाठवला गेला. ज्या हाताने हजारोंना बाप्तिस्मा दिला तो हात इथे, आणि देह आपल्या जुन्या गोव्यात, बॉम जेझूस बसिलिकेत. २०२४ च्या शवप्रदर्शनाला आम्ही सगळे गोव्याला गेलो होतो, त्यामुळे त्या वेदीसमोर कोणालाच गाइडची गरज पडली नाही. कोकणी येणाऱ्या दोघी-तिघींनी आपणहून गाणं सुरू केलं. बसकडे निघायची वेळ होऊन गेली होती, तरी टूर मॅनेजर गप्प उभा राहिला. त्याबद्दल त्याचे मनापासून आभार.

असिसीला आम्ही दोन रात्री राहिलो आणि या यात्रेतला हाच सगळ्यात चांगला निर्णय होता. बहुतेक ग्रुप रोमहून दिवसभरासाठी येतात आणि संध्याकाळी परततात. ते गेले की गाव आपलं. संत फ्रान्सिस असिसीकरांची कबर तिथल्या दुमजली बसिलिकेत, खालच्या चर्चच्याही खाली आहे, दगडी खांबात. ती शेकडो वर्षं लपलेली होती, १८१८ साली सापडली. तिथे पहाटे मिस्सा मिळाली. प्रवचनात फादरांनी वसईच्या संत गोन्सालो गार्सियांचं नाव घेतलं. आपल्या मातीत जन्मलेला हा फ्रान्सिस्कन (संत फ्रान्सिस यांच्या संघातला) बंधू ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला क्रूसावर मारला गेला आणि १८६२ साली संत झाला. वसईच्या किल्ल्यातले फ्रान्सिस्कनांच्या चर्चचे अवशेष आम्ही लहानपणापासून बघतोय. पण ज्याच्या मागे गोन्सालो गेले त्याच्या कबरीशी बसून ते ऐकणं वेगळं होतं. परतल्यावर मी मुलांना घेऊन किल्ल्यात गेले आणि पहिल्यांदा त्यांना नीट काही सांगू शकले.

असिसीतच संत कार्लो अक्युटिस आहे. ७ सप्टेंबर २०२५ ला संतपद मिळालेला, पंधराव्या वर्षी रक्ताच्या कर्करोगाने गेलेला मुलगा. काचेतून जीन्स आणि बूट घातलेला देह दिसतो. तरुण मुलं घरात असतील तर इथे घाई करू नका. माझ्या भाचीने परतल्यावर सगळ्यात जास्त प्रश्न याच्याबद्दलच विचारले.

आता तक्रार. फ्लॉरेन्स आणि पिसा कार्यक्रमात का होते, ते मला आजही कळलेलं नाही. मनोऱ्याला हात टेकवल्याचे फोटो निघाले, आणि त्यापायी पदुआला पोचायला दुपार उलटली. बसचालकाला युरोपात साडेचार तास चालवल्यावर पाऊण तास थांबावंच लागतं. कायदाच आहे आणि चांगला आहे, पण वेळापत्रक आखणाऱ्याने तो धरायला हवा होता. पदुआतल्या संत अंतोनींच्या कबरीवर हात ठेवून उभं राहायला लोक आयुष्यभर वाट बघतात. आपल्याकडे मंगळवारी त्यांची भक्ती चुकवत नाहीत अशा बायका ग्रुपमध्ये होत्या, आणि त्यांना तिथून उठवावं लागलं. अवशेष-कपेलात (अवशेष ठेवलेलं छोटं प्रार्थनालय) संतांची जपून ठेवलेली जीभ बघायला तर धावतच गेलो. ग्रुपमधल्या बऱ्याच जणांनी हे आयोजकांना लेखी कळवलंय.

वयस्कर माणसं सोबत असतील तर चालण्याची तयारी महिनाभर आधी करा. मोठ्या बस जुन्या शहरांत आत जात नाहीत, आणि असिसी तर सगळं चढ-उताराचं. आईच्या गुडघ्यांनी साथ दिली, कारण रोज संध्याकाळी ती वसईत रमेदीच्या रस्त्यावर चालत होती. रोममधल्या स्काला सांता या पवित्र जिन्याच्या अठ्ठावीस पायऱ्या गुडघ्यांवरच चढायच्या असतात. ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी बाजूला साधा जिना आहे. आई तिथून प्रार्थना म्हणत चढली आणि वर आमची वाट बघत बसली. खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे हवेतच. पाण्याची बाटली सोबत ठेवा, रोममध्ये रस्त्यावरच्या नळांचं पाणी पिण्याजोगं आणि फुकट आहे. जेवणात पास्ता फार, पण लोणचं होतं.

पवित्र द्वार ६ जानेवारी २०२६ ला बंद झालं, तेव्हा तो योग आता लगेच नाही. पण २०२६ हे संत फ्रान्सिस असिसीकरांच्या मृत्यूचं ८०० वं वर्ष आहे, त्यामुळे असिसीला जाणाऱ्यांनी मुक्कामाची खोली लवकर धरावी.

आमच्याकडे सध्या लुर्ड-फातिमाचं (फ्रान्स आणि पोर्तुगालमधली मरियामातेची तीर्थस्थानं) पत्रक फिरतंय. आईने नाव द्यायला सांगितलंय. मी आयोजकांना एकच गोष्ट विचारलीय: लुर्डला रात्री नऊची मेणबत्त्यांची मिरवणूक असते, त्या वेळी ग्रुप मिरवणुकीत असणार की हॉटेलात जेवत? उत्तर आलं की पैसे भरणार.